माग कुणी काढला?

(शाळेच्या १९९६ च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)

व्यासपीठावरचे आदरणीय सर, बाई, आणि समोर बसलेल्या माझ्या पोट्ट्यांनो आणि पोट्टींनो,

चाळिशी उलटून गेली तरी या आवारात पाय ठेवला की आपण पोट्टेच होतो. म्हणून हाक तीच मारते.

संयोजकांनी मला सांगितलं होतं, "तू इंजिनिअर आहेस, पुण्याला सॉफ्टवेअरमध्ये आहेस, तर कृत्रिम बुद्धिमत्तेवर पंधरा-वीस मिनिटं बोल." मी हो म्हटलं होतं. पण काल रात्री अमरावतीहून येताना ठरवलं की आज दुसरंच बोलायचं. विषय आहे माग काढण्याचा. जंगलातल्या जनावराचा माग. आणि त्याच्या आडून एक कबुली द्यायची आहे, जी मी जवळजवळ तीस वर्षं लांबवली आहे.

सुरुवात ऑफिसातून करते. आमच्या कामात परदेशातले सहकारी असतात. मीटिंगला बाकीचे जमेपर्यंत गप्पा होतात. एकदा त्यातल्या एकानं मला फोटो दाखवला. आफ्रिकेच्या दक्षिण भागातलं कोरडं झुडपी रान, एक म्हातारा नर हत्ती मरून पडलेला, शेजारी हा बंदूक घेऊन उभा. परवाना काढून, रीतसर पैसे भरून केलेली शिकार. तिकडे काही देशांत ती चालते. बोत्स्वानानं २०१४ साली बंद केली होती आणि २०१९ साली पुन्हा सुरू केली. माझं त्यावर काय मत आहे ते तुम्हाला सांगायला नको.

पण तो माग काढायचं वर्णन करू लागला आणि मी ऐकत राहिले. रोज पहाटे पाणवठ्यावर जायचं. रात्री कोण कोण पाणी पिऊन गेलं ते पाहायचं. त्यातून एक मोठं पाऊल निवडायचं आणि चालत सुटायचं. कधी दिवसभर चालून समजायचं की हत्ती तरणा आहे. कधी अगदी जवळ पोचल्यावर वारा फिरायचा आणि हत्ती निघून जायचा. असे चार दिवस फुकट गेले. पाचव्या दिवशी हा म्हातारा सापडला.

मी विचारलं, "नुसत्या पावलावरून तो म्हातारा आहे हे कसं कळलं?" तो म्हणाला, म्हाताऱ्या हत्तीचा तळवा झिजून गुळगुळीत होतो, मातीत रेषा कमी उमटतात. आणि त्याच्या लेंडात सालीचे, फांद्यांचे मोठे तुकडे तसेच्या तसे निघतात. हत्तीला आयुष्यात दाढांचे सहा संच येतात. शेवटचा झिजला की त्याला चावता येत नाही.

मी विचारलं, "हे सगळं तुला कुणी सांगितलं?" म्हणाला, "आमच्या माग काढणाऱ्यानं."

"त्याचं नाव काय?"

तो थोडा वेळ आठवत राहिला. मग हसून म्हणाला, कुठल्यातरी ई-मेलमध्ये असेल.

फोटोत तीन गोष्टी होत्या : तो, त्याची बंदूक आणि हत्ती. पाच दिवस पुढे चालणारा माणूस फोटोत नव्हता.

मीटिंग झाली. लॅपटॉप मिटला. आणि मला कोलकास आठवलं.

आठवते का आपली नववीची सहल? लाल एसटी, घटांगचा घाट, खिडकीतून ओकाऱ्या काढणारी अर्धी बस, सेमाडोहला प्यालेला चहा. कोलकासला वनखात्याच्या हत्तिणी होत्या. माहुतानं एका हत्तिणीच्या पुढच्या पायाभोवती दोरी गुंडाळून आपल्याला गंमत दाखवली होती. पायाचा घेर दोरीनं मोजायचा, त्याची दुप्पट करायची, की खांद्यापर्यंतची उंची मिळते. आपण ओळीनं उभं राहून ती दोरी हत्तिणीच्या खांद्याला लावून पाहिली होती आणि टाळ्या वाजवल्या होत्या. गणितात पस्तीसवर अडकणाऱ्यांनीसुद्धा तो हिशोब पटकन केला होता.

त्यानंतर आपण सिपन्याच्या काठानं थोडे चाललो. सिपना म्हणजे कोरकू भाषेत साग, हे मला फार नंतर कळलं. परतवाड्यात अर्धं आयुष्य आरागिरण्यांचा आवाज ऐकत, सागाच्या थप्प्यांवर लपाछपी खेळत काढलं, पण ज्या नदीकाठी सहलीला गेलो तिच्या नावाचा अर्थ कधी विचारला नाही.

तिथे ओल्या रेतीत खुरांचे ठसे होते. आपल्या वर्गातला एक मुलगा खाली बसला. वसतिगृहात राहायचा, मेळघाटातला, कोरकू. वर्गात फारसा बोलायचा नाही. त्यानं ठशावर बोट न लावता वरूनच हात फिरवला आणि म्हणाला, "गवा आली. बुढी हाये. एकटी हाये. मागचा पाय दुखते."

आपण काय ऐकलं? "गवा आली." गवा आला नाही, गवा आली! सगळी रांग हसली. पुढचं कुणीच ऐकलं नाही. आणि त्या दिवसापासून दहावीची परीक्षा संपेपर्यंत त्याचं नाव "गवा-आली" पडलं. हजेरीत त्याचं नाव आलं की मागून कुणीतरी हळूच म्हणायचं.

ते नाव पहिल्यांदा कुणी ओरडलं, हे तुमच्यापैकी बहुतेकांना आठवत नसेल. मला आठवते. मी ओरडले होते.

तेव्हा आपल्यासोबतच्या वनरक्षकानं ठसे पाहिले होते आणि तो म्हणाला होता, "बरोबर आहे पोराचं. एक म्हातारा नर आहे, मागच्या पायानं लंगडते." पण तोपर्यंत आपण पुढे पळालो होतो. माझ्या कानावर ते पडलं आणि मी ते सोडून दिलं.

आता मधली तीस वर्षं थोडक्यात सांगते, कारण या गोष्टीशी त्यांचा संबंध आहे.

आमचे आजोबा जीप चालवायचे. पन्नास-साठच्या दशकांत मेळघाटात शिकारीला येणारे लोक परतवाड्यालाच उतरायचे. घाट चढण्याआधीची शेवटची मोठी बाजारपेठ आपलीच. आजोबा त्यांना आत सोडायचे आणि चार दिवसांनी आणायला जायचे. त्यांच्या तोंडून मी एका गव्याची शिकार इतक्या वेळा ऐकली की पाठ झाली होती. साहेब कुठून आले, बंदूक कुठली, गोळी कुठे लागली, शिंगं किती इंच. त्या गव्याचं डोकं कुणाच्या तरी बंगल्यात भिंतीवर होतं, खाली पितळी पट्टी. पट्टीवर साहेबांचं नाव, तारीख आणि इंच. दोन दिवस त्या गव्यामागे कोण चाललं? आजोबा म्हणायचे, "दोन कोरकू होते." नावं त्यांना माहीत असणार. पण गोष्टीत ती कधी आली नाहीत.

पुस्तकांतही तेच. जेम्स फॉर्सिथचं सातपुड्यावरचं इंग्रजी पुस्तक १८७१ साली आलं. त्यात शिकार आहे, जंगल आहे, गोंड आहेत, कोरकू आहेत. पण ते जमात म्हणून येतात.

मग १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला. १९७३ साली व्याघ्रप्रकल्प सुरू झाला आणि देशातल्या पहिल्या नऊ प्रकल्पांत आपला मेळघाट होता. ज्यांच्या आजोबांनी साहेबांसाठी माग काढले, त्यांची मुलं-नातवंडं आता वाघ मोजण्यासाठी माग काढू लागली. ओडिशातले वनाधिकारी सरोज राज चौधरी यांनी पंजाच्या ठशावरून वाघ मोजायची पद्धत बसवली होती. ठशावर काच ठेवायची, पेनानं रेष काढायची, प्लॅस्टरचा साचा घ्यायचा. १९७२ च्या देशभरच्या गणतीत १८२७ वाघ मोजले गेले, ते याच पद्धतीनं. पुढे तीस वर्षं ती चालली. मग राजस्थानातल्या सरिस्काचे वाघ संपल्याचं २००५ साली उघड झालं. एकाच वाघाचे दोन वाघ होऊ शकतात, ओल्या मातीत पंजा मोठा दिसतो, हे आक्षेप डॉ. उल्हास कारंथ यांच्यासारखे शास्त्रज्ञ आधीपासून घेतच होते. नंतर कॅमेरे आले. वाघाच्या पट्ट्यांवरून वाघ ओळखायचा, जसे माणसाच्या बोटांचे ठसे. ही पद्धत जास्त पक्की आहे, आणि मी त्याच बाजूची आहे. माझा धंदाच तो.

म्हणूनच मी कॅमेऱ्यांच्या फोटोंची वर्गवारी करायचं काम स्वयंसेवक म्हणून अंगावर घेतलं. शनिवार-रविवारी पुण्यात बसून हजारो फोटो पाहायचे. नव्वद टक्के फोटोंत हलणारं गवत, गुरं, आणि कॅमेऱ्याला नाक लावणारं अस्वल. कॅमेऱ्यानं माग काढणाऱ्याची गरज संपवली, असं मला मनापासून वाटत होतं.

२०१८ साली बुद्धपौर्णिमेच्या पाणवठा-गणनेला मी आले. मचाण वाटप चाललं होतं. माझ्यासोबत वनखात्याचा जो माणूस बसणार होता, तो माझ्याकडे पाहून हसला आणि म्हणाला, "ओळखलं का बाई? गवा आली."

मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. तो मात्र खरंच हसत होता.

रात्रभर आम्ही मचाणावर बसलो. चांदणं लख्ख होतं. सांबर आले, रानडुकरं आली, एक अस्वल येऊन गेलं. पहाटे तो म्हणाला, "बुढा नाही आला." मी विचारलं, कोण? त्या पाणवठ्यावर एक म्हातारा एकटा गवा रोज यायचा. कळपातून बाहेर पडलेला नर. असे नर म्हातारपणी काळेकुळकुळीत होतात, फक्त गुडघ्याखाली पांढरे मोजे. चार रात्री तो आला नव्हता. माझ्या यादीतही त्याचा शेवटचा फोटो पाच दिवसांपूर्वीचा होता. कॅमेऱ्याच्या लेखी तो नाहीसा झाला होता. फासात अडकला की आजारी पडला, हे पाहायला तो आणि दोन वनरक्षक निघाले. साहेबांची परवानगी काढून मीही सोबत गेले.

त्या दिवशी जे पाहिलं ते तुम्हाला सांगते, कारण आपण सगळे मेळघाटच्या पायथ्याशी वाढलो आणि आपल्यापैकी बहुतेकांनी ते कधी पाहिलं नाही.

मे महिन्यात सागाची पानं गुडघ्याइतकी साचतात. त्यावर खूर उमटत नाही. तो खूर शोधतच नव्हता. उलटं झालेलं पान शोधत होता. वरची बाजू उन्हानं पांढुरकी झालेली असते, खालची काळसर. एक काळं पान, सहा हातांवर दुसरं काळं पान. त्यातून रेघ तयार होते. मोकळ्या मातीत ठसा दिसला की तो नेहमी अशा बाजूला जायचा की ठसा आपल्या आणि सूर्याच्या मधोमध येईल. मग खुराच्या कडेची सावली पडते आणि न दिसणारं दिसतं.

गवळ्यांच्या म्हशींचे ठसे मध्येच मिसळले. मी म्हणाले, "हाच ना?" तो म्हणाला, "खूर नको पाहू बाई. येळ पाय." म्हणजे वेळ बघ. म्हशींच्या ठशांच्या कडा धारदार होत्या, त्या आजच्या. गव्याच्या ठशाच्या कडा ढासळल्या होत्या. त्यात पान पडलं होतं, आणि पानावरून मुंग्यांची रांग चालली होती. तो कालचा. शेण सापडलं. वरून पापुद्रा धरलेला, काडीनं उकललं तर आत ओल आणि शेणकिडे. बाई माफ करा, पण मुताची जागासुद्धा सांगते. नराची धार मागच्या खुरांच्या पुढे पडते, मादीची मागे. ठसा पाहून नर की मादी ते असं कळतं. आणि हे सांगणाऱ्या माणसाला आपण नर-मादीच्या क्रियापदावरून हसलो होतो.

एका दगडी नाल्यावर माग तुटला. मी लगेच पुढे धावले, कारण मला वाटलं समोरच्या पायवाटेनंच तो गेला असणार. त्यानं मला थांबवलं. एका वनरक्षकाला शेवटच्या पक्क्या ठशावर उभं केलं. "तू हलू नको." आणि स्वतः त्याच्याभोवती गोल फिरू लागला. आधी लहान गोल, मग मोठा. अर्ध्या तासानं उजवीकडे, मला ज्याचा संशयही आला नसता अशा ठिकाणी, एक हललेला दगड सापडला. त्याच्या खालची माती अजून काळी होती.

माझ्या कामात वीस वर्षं मी नवीन पोरांना हेच शिकवत आले आहे. प्रोग्राम बिघडला की अंदाजानं पुढे धावू नका, जिथपर्यंत नक्की बरोबर होतं तिथे परत या आणि तिथून शोधा. मला वाटायचं हे आमच्या धंद्याचं शहाणपण आहे.

दुपारी तो हळू बोलू लागला. गवा लंगडत होता. डाव्या मागच्या खुराचं टोक मातीत घासल्याची रेघ दिसत होती. बसल्याच्या जागा जवळ जवळ येत होत्या. आधी हजार पावलांवर, मग तीनशेवर. त्यानं चिमूटभर धूळ बोटांतून सोडून वारा पाहिला. आम्ही वळसा घालून एका डोहाच्या वरच्या बाजूला गेलो. जांभळाच्या सावलीत तो उभा होता. जवळजवळ माणसाएवढा खांदा, शिंगांची टोकं झिजलेली, मागचा पाय गुडघ्याच्या वर सुजलेला. फास नव्हता, गोळी नव्हती. तो म्हातारा झाला होता. रोजच्या पाणवठ्यापर्यंतची चढण त्याला झेपेना, म्हणून खालच्या डोहावर येऊन राहिला होता. तिथे आमचा कॅमेरा नव्हता.

मी फोन काढला. त्यानं माझ्या मनगटावर हात ठेवला. "राहू दे. उठला तं पाय दुखन त्याचा." आम्ही आलो तसे मागे फिरलो. गव्याला कळलंसुद्धा नाही.

साहेबाला कळवलं, डोहावर लक्ष ठेवलं गेलं. पावसाच्या तोंडाशी तो तिथेच गेला, आपल्या मरणानं.

परतताना मी त्याला विचारलं, "नववीत तू म्हणाला होतास, बुढी हाये, मागचा पाय दुखते. ते कसं कळलं होतं?" तो म्हणाला, "असंच. तेव्हा माझा बाप होता ना शिकवायले." मग त्यानं मला कोरकू शिकवलं. "कोरो" म्हणजे माणूस, "कोरकू" म्हणजे माणसं. "कुला" म्हणजे वाघ. कोरकूत आपल्यासारखा "आला-आली" भेदच नाही. जिवंत आणि निर्जीव एवढा भेद ती भाषा करते. म्हणजे त्या दिवशी सिपन्याच्या काठावर तो दुसऱ्या भाषेत, आपल्या भाषेत, आपल्याला खरी बातमी सांगत होता, आणि आपण त्याच्या क्रियापदावर हसलो. मी तिथे जे चार कोरकू शब्द बोलले, त्यात किती चुका केल्या असतील कोण जाणे. तो एकदाही हसला नाही.

पुण्याला आल्यावर मी आम्हा स्वयंसेवकांचा तक्ता उघडला. तारीख होती, वेळ होती, जागा होती, कॅमेऱ्याचा क्रमांक होता, फोटो तपासणाऱ्याचं नाव होतं. म्हणजे माझं नाव होतं. कॅमेरा नेमक्या कुठल्या पायवाटेवर लावायचा हे ज्यानं पावलं पाहून सांगितलं, त्याला रकाना नव्हता. तो तक्ता मीच बनवला होता. पितळी पट्टी काय आणि माझा तक्ता काय, फरक नव्हता. त्या रात्री मी एक रकाना वाढवला : "माग कुणी काढला". सोपं काम, दहा मिनिटांचं. ते करायला मला चाळिशी गाठावी लागली.

कृत्रिम बुद्धिमत्तेवर बोलायचं होतं ना? एवढंच बोलते. आता फोटोतलं जनावर मशीन ओळखते, आणि छान ओळखते. पण ज्या डोहावर कॅमेराच नाही, तिथलं त्याला काही कळत नाही. तिथे कुणालातरी चालत जावं लागते.

आता कबुली पूर्ण करते. मित्रा, तू शेवटच्या रांगेत बसला आहेस, नेहमीसारखा. ते नाव मी ठेवलं होतं. त्या जंगलात मी तुझी माफी मागितली तेव्हा तू म्हणालास, "जाऊ दे ना, पोट्टे होतो." पण ओरडले होते मी सगळ्यांसमोर, आणि माफी मागितली एकटीत. तो हिशोब बरोबर नव्हता. म्हणून आज सगळ्यांसमोर मागते. मला माफ कर.

आणि मित्रांनो, या भाषणात मी त्याचं नाव घेतलं नाही हे तुमच्या लक्षात आलं असेल. मुद्दामच घेतलं नाही. त्याचं खरं नाव आपल्यापैकी कुणीच नीट उच्चारलं नाही, हजेरीतसुद्धा नाही. आज ते त्यानंच सांगावं, त्याच्या घरी जसं म्हणतात तसं. आणि मग आपण सगळ्यांनी एकदा म्हणावं.

ये बापा पुढे. माइक घे.